दात पडला की आधी दाढ बघा

पहिला दुधाचा दात पडतो तो दिवस घरात लहानसा सणच असतो. आठवडाभर हलणारा दात जिभेने ढकलून ढकलून अखेर हातात येतो, मूल आरशापुढे उभं राहून खिंडीतून जीभ बाहेर काढून बघतं, आणि घरातलं मोठं माणूस विचारतं, "दात कुठाय? टाकला नाहीस ना?" मग तो दात उंदीरमामाला द्यायचा. कुठे कौलांवर भिरकावून, कुठे उंदराच्या बिळापाशी ठेवून, कुठे अंगणातल्या मातीत पुरून. शब्द गावागणिक थोडे बदलतात, मागणं तेच राहतं: "उंदीरमामा, उंदीरमामा, माझा दात तुला घे, तुझा दात मला दे."

मला हा रिवाज फार मोलाचा वाटतो. एरवी दात म्हणजे मुलांच्या लेखी नुसती कटकट. घास, नीट घास, मागचे घासलेस का, थुंक आता. दात पडतो त्या दिवशी मात्र मूल स्वतःहून विचारतं. हा का पडला? रक्त का आलं? नवा कधी येणार? उत्तर ऐकायला ते तयार असतं, तोंड उघडून दाखवायलाही तयार असतं. आणि हा दिवस साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतो. नेमक्या याच सुमारास तोंडात अगदी मागे एक दाढ येते. ती येताना काही पडत नाही, म्हणून तिची कुणी दखल घेत नाही. पण ती दुधाची नसते, जन्माची असते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की दात उंदीरमामाकडे जाण्याआधी मुलाला उजेडात बसवा आणि मागची दाढ बघा. ही दाढ इतकी महत्त्वाची का, ते कळायला दुधाच्या दातांची गोष्ट थोडी मागून सुरू करावी लागेल.

हातातला दात उलटा करून बघा

दुधाचे दात वीस. वर दहा, खाली दहा. बाळ सहा महिन्यांचं होता होता ते दिसू लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. त्यांची घडण मात्र आईच्या पोटातच सुरू झालेली असते. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात पुढच्या दातांमध्ये कॅल्शियम साठायला लागतं. जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात जी मोठी उलथापालथ होते, तिची एक बारीक रेघ दुधाच्या दातांच्या आवरणात उमटते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसते. उंदीरमामाला दिलेल्या दातात आपल्या जन्माची खूण असते, हे मुलाला सांगून बघा. डोळे विस्फारतात.

दात शरीराची नोंद किती इमानाने ठेवतो, याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात घडलं. हवेत अणुचाचण्या होत होत्या तो काळ. चाचणीतून उडालेलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० गवतावर पडे, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात जाई आणि कॅल्शियमसारखंच हाडांत व दातांत जाऊन बसे. १९५८ पासून तिथल्या डॉक्टरांनी, शास्त्रज्ञांनी आणि सामान्य नागरिकांनी पालकांना विनंती केली की पडलेले दुधाचे दात आमच्याकडे पाठवा. दात पाठवणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळायचा, मी माझा दात विज्ञानाला दिला, असं सांगणारा. १९७० पर्यंत तीन लाखांहून अधिक दात गोळा झाले. चाचण्या वाढल्या तसं मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलेलं त्यातून दिसलं, आणि हवेतल्या अणुचाचण्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकमताला या दातांनी बळ दिलं. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी अशा चाचण्या थांबवण्याचा करार केला.

आता पडलेला दात उलटा करून बघा. खाली मूळ नाही, नुसती पोकळी आहे. मूळ तुटून आत राहिलं की काय, म्हणून काही पालक घाबरतात. तसं नसतं. खालून पक्का दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळायला लागतं. शरीरात त्यासाठी खास पेशी असतात. त्या महिनोन्‌महिने हे काम करतात, आणि मूळ संपत आलं की दात हलू लागतो. शेवटी तो नुसत्या हिरडीला धरून असतो, म्हणून सुटताना थोडं रक्त येतं. स्वच्छ कापडाची घडी त्या जागी चावून धरायला दिली की थोड्या वेळात थांबतं. दोऱ्याचं एक टोक दाताला, दुसरं दाराला, हा प्रकार मात्र नको. मूळ पुरतं विरघळलं नसेल तर दुखतं, आणि दाताला कुणी हात लावू म्हटलं की मूल पुढे कायम धास्तावतं. मूल आपलं आपण दात हलवत बसतं ते योग्यच.

"जीभ लावू नकोस, वाकडा येईल" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. नव्या दाताला मुलाने जीभ लावून चाचपलं म्हणून तो वाकडा होत नाही. दात वाकडा येतो तो बहुतेक जबड्यात जागा कमी म्हणून, किंवा घराण्यातच तशी ठेवण आहे म्हणून. खालचे पुढचे पक्के दात तर मुळातच दुधाच्या दातांच्या आतल्या अंगाने वर येतात. त्यामुळे कधी कधी एकामागे एक अशा दोन रांगा दिसतात आणि घरात गोंधळ उडतो. पुढचा दात हलत असेल तर काळजी नको. तो पडला की जीभच मागच्याला हळूहळू पुढे ढकलते. पुढचा दात काही महिन्यांत हललाच नाही तर दाखवून घ्यावं. वरचे पुढचे दोन पक्के दात फाकलेले येतात, त्यालाही घाबरू नये. सुळे यायच्या वेळी, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या सुमारास, ती फट बहुतेकदा आपोआप मिटते.

दात मागायचा तो उंदराकडेच का? त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. मोठ्या उंदराचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. तो सतत कुरतडतो म्हणूनच ते आटोक्यात राहतात. शिवाय त्या दातांच्या बाहेरच्या थरात लोह असतं, त्यामुळे ते पिवळसर नारिंगी दिसतात आणि टणक असतात. ज्यांनी पहिल्यांदा उंदराशी ही अदलाबदल ठरवली त्यांनी त्याला धान्याच्या कणग्या कुरतडताना नक्कीच नीट पाहिलं असणार. हीच कल्पना दूरदूरच्या लोकांना सुचली. फ्रान्समध्येही दात उंदीर नेतो, स्पेनमध्येही. आपल्याकडे तर त्याच उंदरावर बसणारा देव एकदंत आहे. त्याचा मोडलेला दात पुन्हा आला नाही, आणि माणसाचा पक्का दातही गेला की परत येत नाही. उंदराला मिळते तशी जन्मभराची वाढ आपल्याला नाही. आपल्याला दोनच संच मिळतात, आणि दुसरा संच सहाव्या वर्षी सुरू होतो.

"पडणारच आहेत ना?"

दुधाच्या दातांचं सर्वांत जास्त नुकसान या एका वाक्याने केलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आपल्या देशात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली होती. हे सगळे दात पडणारच होते. पण कधी?

पुढचे आठ दात साधारण सहा ते आठ या वयात पडतात. नंतर दीड-दोन वर्षं काहीच पडत नाही. मागच्या दुधाच्या दाढा आणि सुळे दहा ते बारा या वयात जातात. म्हणजे पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून पाच-सहा वर्षं काम करायचं असतं. एवढी वर्षं मुलाने एका बाजूने चावायचं, रात्री कळ आली की रडायचं, शाळेत लक्ष लागत नाही म्हणून बोलणी खायची. गालावर सूज येते, पू होतो. मुळाशी गेलेला जंतुसंसर्ग खाली घडत असलेल्या पक्क्या दाताच्या आवरणालाही इजा करू शकतो.

शिवाय दुधाची दाढ खालच्या दातासाठी जागा धरून असते. ती फार लवकर काढावी लागली तर मागची पक्की दाढ पुढे सरकते आणि ती जागा खाते. मग खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. तो आडवा येतो, बाहेर येतो, किंवा आतच अडकतो. पुढे तारा लावण्यासाठी जो खर्च होतो, त्यातल्या काहींची सुरुवात अशी असते. लवकर दाढ काढावीच लागली तर तिथे जागा राखणारी छोटी तार बसवता येते. त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

कीड म्हणजे तरी काय? दातात अळी नसते. तोंडात जंतू असतातच. ते साखर खातात आणि आम्ल सोडतात. संगमरवरी ओट्यावर लिंबाचा रस सांडला आणि तसाच राहिला की तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग पडतो. दाताच्या आवरणावर आम्ल तसंच काम करतं. म्हणूनच किडीची पहिली खूण काळी नसते, खडूसारखी पांढरी असते. हिरडीच्या कडेने अशी पांढरी पट्टी दिसली तर तिथेच गाडी वळवता येते, कारण लाळेत खनिजं असतात आणि ती आवरण पुन्हा भरून काढतात. लाळेला त्यासाठी अर्धा-एक तास निवांत मिळायला हवा. दुधाच्या दातांचं आवरण पक्क्या दातांच्या जवळपास निम्म्या जाडीचं असतं, त्यामुळे इथे खड्डा लवकर पडतो आणि पटकन आत पोचतो.

यातून एक गोष्ट निघते जी मला पालकांना पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे दातांसाठी मोठं आहे. जेवताना ताटात वाढलेली पुरणपोळी किंवा मोदक दाताला तेवढा छळत नाही. सकाळी चहा-बिस्किट, अकराला क्रीमचं बिस्किट, दुपारी वेफर्स, संध्याकाळी खारी-टोस्ट, झोपताना साखर घातलेलं दूध, हे छळतं, कारण लाळेला मधे फुरसतच मिळत नाही. बिस्किटाचा पिठूळ लगदा दाढांच्या खाचांत तासभर चिकटून बसतो. चॉकलेटला सगळे नावं ठेवतात, बिस्किटाला कुणी काही म्हणत नाही. गूळ आणि मधही किडीच्या बाबतीत साखरेच्याच पंगतीत बसतात. मधल्या वेळेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, पनीरचा तुकडा द्यावा. तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात तर दोन वर्षांच्या आत झिजून खुंट राहिलेले दिसतात. झोपेत लाळ कमी सुटते, आणि दूध रात्रभर दातांभोवती साचून राहतं.

सहावा दात मोजा

आता त्या दाढेकडे येऊ. मुलाला खिडकीशी बसवा, मोबाइलचा टॉर्च लावा. खालच्या जबड्यात मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजायला लागा. पहिले दोन पटाशीचे दात. तिसरा सुळा. चौथी आणि पाचवी, दुधाच्या दाढा. दुधाचा संच इथे संपला. त्याच्या मागे सहावं काही दिसत असेल तर ती पक्की दाढ. मधला एखादा दात पडला असेल तर त्याची रिकामी जागा मोजायला विसरू नका. अशाच चार दाढा येतात, वर दोन, खाली दोन. यांना सहाव्या वर्षीची दाढ म्हणतात, आणि योगायोगाने मोजणीतही ती सहावीच येते.

ही दाढ दुधाची समजून सोडून दिली जाते, हेच तिचं दुर्दैव. कोणताही दात न पडता ती मागून येते, म्हणजे घरच्यांना कळायला काही कारणच नसतं. ती एकदम वर येत नाही. हिरडीतून टोकं दिसल्यापासून समोरच्या दाढेला टेकेपर्यंत वर्षभर तरी जातं, कधी जास्तही. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, म्हणून नेहमीसारखा फिरवलेला ब्रश तिच्यावरून निघून जातो, तिला लागत नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात. आवरण अजून कोवळं असतं, तोंडात आल्यानंतर काही काळाने ते पुरतं टणक होतं. अन्न अडकायला जागा आहे, ब्रश पोचत नाही, आवरण कच्चं आहे आणि घरात कुणाला तिचा पत्ता नाही. मोठ्या माणसांच्या ज्या दाढा काढाव्या लागतात किंवा रूट कॅनॉल कराव्या लागतात, त्यांत ही दाढ वारंवार भेटते, ती याच कारणांनी.

तिच्यासाठी करायचं ते फार नाही. ब्रश गालाच्या कोपऱ्यातून आडवा आत घालायचा, म्हणजे केस थेट त्या दाढेच्या माथ्यावर टेकतात, आणि तिथे मोजून दहा वेळा घासायचं. हे मुलाला जमत नाही, आपणच करायचं. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातात हवा. मुलांची बोटं तोवर तेवढी वळत नाहीत. दाढ पुरती वर आली की दंतवैद्याकडे जाऊन तिच्या खाचा बुजवून घ्याव्यात. त्यासाठी एक पातळ द्रव खाचांत सोडतात आणि प्रकाशाने घट्ट करतात. दात कोरावा लागत नाही, सुई नाही, दुखत नाही. काही मिनिटांचं काम असतं, आणि अन्न अडकायची जागाच उरत नाही.

टूथपेस्ट फ्लोराइडची हवी. ट्यूबवर प्रमाण छापलेलं असतं, १००० पीपीएमच्या जवळपासची चालते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात तेवढी कधीही नको. घासून झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे थोडं फ्लोराइड दातांवर राहतं आणि आवरण भरून काढायला मदत करतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत मात्र विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. तिथे पेस्ट कोणती आणि किती, हे स्थानिक दंतवैद्याला विचारूनच ठरवावं.

राखुंडी, कोळशाची पूड, विटकरी रंगाची दंतमंजनं यांनी दात चकचकीत वाटतात, पण ती खरखरीत असतात आणि दुधाच्या दाताचं पातळ आवरण घासून काढतात. मिश्रीबद्दल तर स्पष्ट बोलायला हवं. ती भाजलेल्या तंबाखूची पूड आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. तरी अनेक घरांत आजी किंवा आई सकाळी मिश्री लावते, आणि शेजारी बसलेलं नातवंड दात असेच घासायचे असतात असं समजून बघत असतं.

उंदीरमामाचा नवा करार

मग हा रिवाज वापरायचा कसा? मला सुचलेलं सांगते.

दात पडला की तो धुऊन डबीत ठेवायचा. संध्याकाळी सगळे घरी असताना आधी तोंड बघायचं, सहावा दात मोजायचा, कुठे पांढरा किंवा काळा डाग आहे का ते पाहायचं. मग दात हातात घेऊन, तो का पडला हे मुलाला त्याची पोकळी दाखवून सांगायचं. त्यानंतर उंदीरमामा. फ्लॅटमध्ये कौलं नसतात, पण गॅलरीतल्या कुंडीत पुरता येतो. मागणं म्हणताना शेवटी एक ओळ आपल्या मनाची जोडायची, "नवा दात मी रोज घासीन." सहा वर्षांचं मूल उंदराला दिलेला शब्द आपल्याला दिलेल्या शब्दापेक्षा जास्त पाळतं.

त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचे ब्रश बदलावेत, आजी-आजोबांचेही. मुलाला आपला रंग निवडू द्यावा. आणि यात खऱ्या मामाला ओढावं. आपल्याकडे दातांशी मामाचं नातं जुनंच आहे. बाळाचे वरचे दात आधी आले की ते मामाला वाईट, असा समज अनेक घरांत अजून आहे. दात कोणत्या क्रमाने येतील हे मुलामुलांत बदलतं, त्याने मामाचं काही बिघडत नाही. तोच मामा पहिला दात पडल्याचा फोन आल्यावर ब्रश पाठवू लागला, दिवाळीत भाच्याला "दाखव रे दाढ" म्हणू लागला, तर त्या जुन्या धास्तीची जागा एक चांगली गोष्ट घेईल. परदेशात राहणाऱ्या मामालाही व्हिडिओ कॉलवर हे सहज जमतं.

इंग्रजी पुस्तकं आणि कार्टूनमुळे आता बऱ्याच मराठी घरांत उशीखाली दात ठेवून परीची वाट पाहतात. त्यात वाईट काही नाही. उलट या परीचा जन्मच मुलांची समजूत काढण्यासाठी झाला असं म्हणता येईल. सप्टेंबर १९०८ मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्रातल्या घरगुती सल्ल्यांच्या सदरात तिचा उल्लेख आढळतो. हट्टी मुलंही परीचं नाव ऐकून हलणारा दात काढू देतील, आयांनी दुकानातल्या पाच सेंटच्या वस्तूंच्या काउंटरवरून लहानसहान भेटी आणून ठेवाव्यात, असा तो सल्ला होता. फक्त पैशांची नोट आणि चॉकलेट ही बक्षिसं मला पटत नाहीत. चॉकलेटचं कारण उघड आहे. पैशांमुळे दात ही विकायची वस्तू होते, आणि वर्गात कुणाला किती मिळाले याची तुलना सुरू होते. ज्या मुलाच्या घरी काहीच मिळत नाही, ते गप्प बसतं.

आणखी एक मोह टाळावा. "किडका दात उंदीरमामा घेत नाही" असं सांगून मुलाला वळण लावावं असं वाटतं. कृपा करून असं सांगू नका. सहा वर्षांच्या मुलाचा दात किडला तर दोष त्याचा नसतो. त्याला काय खायला मिळालं आणि त्याचे दात कुणी घासून दिले, हे मोठ्यांच्या हातात होतं. किडका दात घेऊन आलेल्या मुलालाच उंदीरमामाची जास्त गरज आहे. तसंच "ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हेही नको. दंतवैद्याची पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी असं बालदंतवैद्य सांगतात. ती राहून गेली असेल तर पहिला दात पडल्याच्या आठवड्यात जावं. दुखत नसताना झालेली भेट मुलाच्या लक्षात सहल म्हणून राहते.

पहिलीच्या वर्गातल्या बाईंना तर हे घरापेक्षाही सोपं आहे, कारण त्यांच्या वर्गात दर आठवड्याला कुणाचा तरी दात पडत असतो. परिपाठानंतर ज्याचा पडला त्याने पुढे येऊन सांगायचं, भिंतीवरच्या तक्त्यावर त्याच्या नावापुढे दात काढायचा, आणि घरी जाताना चिठ्ठी द्यायची, "मागची सहावी दाढ बघावी." खर्च काही नाही.

दवाखान्याचा खर्च परवडत नाही म्हणून अनेक जण मुलाला नेत नाहीत. त्यांना हे माहीत असावं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणी आहे. हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येतात, आणि गरज असेल त्या मुलाला पुढच्या उपचारासाठी पाठवतात. पथक येणार त्या दिवशी मुलाला शाळेत नक्की पाठवावं आणि दाताचं दुखणं चिठ्ठीवर लिहून द्यावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसंच मुंबई महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. लहान मूल ड्रिलला घाबरत असेल तर किडीवर चांदीयुक्त फ्लोराइडचा थेंब लावून ती थांबवता येते. दात तिथे काळा पडतो, पण कोरावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या औषधाला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

पाच वर्षांच्या आत, मार न लागता दात पडला तर मात्र उंदीरमामाच्या आधी डॉक्टर. आठ वर्षं होत आली तरी एकही हलत नसेल तरीही दाखवावं. आणि खेळताना मार लागून पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला, तर तो कौलावर जाता कामा नये. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलायचा, दुधात घालायचा आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे न्यायचा. बऱ्याचदा तो परत बसवता येतो. दुधाचा दात असा पडला तर परत बसवत नाहीत, कारण खालच्या दाताला इजा होते.

शेवटची दुधाची दाढ अकरा-बाराव्या वर्षी पडते. तोवर मूल सहावीत गेलेलं असतं, उंदीरमामावर त्याचा विश्वास राहिलेला नसतो आणि ती दाढ बहुधा दप्तराच्या खिशात किंवा बेसिनमध्ये जाते. पण याच वेळी मागून आणखी एक पक्की दाढ येत असते, पुन्हा काहीही न पाडता. त्या वयाचं मूल तोंड उघडून दाखवायला कुरकुर करतं. तरी टॉर्च घ्यावा, आणि या वेळी सातव्यापर्यंत मोजावं.